माझ्याच फोटोपुढे दोन मिनिटं

आमच्या घरी शाळेच्या वह्यांना खाकी कव्हर कधी लागलं नाही. पत्रकं लागायची. वाटून उरलेली, एका बाजूने कोरी. माझ्या चौथीच्या गणिताच्या वहीवर 'गायरान आमच्या हक्काचं' होतं आणि भूगोलाच्या वहीवर 'चलो जिल्हाधिकारी कार्यालय'. बाई म्हणायच्या, "प्रणाली, तुझी वही मोर्चाला चालली का?" वर्ग हसायचा. मला मात्र अभिमान वाटायचा. ते वाक्य माझ्या बाबांचं असायचं.

बाबा बडनेऱ्याला रेल्वेत गँगमन होते. दिवसभर रुळावर आणि संध्याकाळी चटईवर, पोटाखाली उशी घेऊन, पत्रक लिहीत. वाचायला मी पत्रकांवरच शिकले. त्यामुळे आजारपणाबद्दल लिहायला बसले की अजूनही पेनातून 'जाहीर निषेध' उतरायला बघतो. पण आजाराचा निषेध करून भागत नाही. गाठीला निवेदन देता येत नाही.

हे लिहिते आहे ते तारीख चुकवणाऱ्यांसाठी. ज्यांची फाईल सध्या कपाटावर, पिशवीत, गाठ मारून ठेवलेली आहे आणि घरात कुणी विचारलं की "पुढच्या आठवड्यात बोलावलंय" असं जे सांगतात, त्यांच्यासाठी. मी त्यांच्यातली एक होते.

रिपोर्ट

मानेला गाठ होती. सुरुवातीला टीबीच्या गोळ्या झाल्या. गाठ हलली नाही. मग अकोल्याला तुकडा काढून तपासायला दिला. अकोल्याला यासाठी की बडनेऱ्याहून सकाळची गाडी सोयीची आणि तिथे मावशीचं घर.

डॉक्टरांनी नाव सांगितलं, लिम्फोमा. कर्करोगच, पण बरा होणाऱ्यांतला, असंही सांगितलं. दुसरं वाक्य मला ऐकूच आलं नाही. बाबांनी रिपोर्ट हातात घेतला आणि सवयीने खिशातलं पेन काढलं. दोनदा वाचला. मग माझ्या आडनावातलं एक अक्षर चुकलं होतं त्याखाली रेघ मारली आणि म्हणाले, "साहेब, हे दुरुस्त करून द्या." डॉक्टर बघतच राहिले. मी बाबांच्या हाताकडे बघत होते. रेघ वाकडी आली होती. लहान मुलांनी चित्रात काढलेले रूळ सरळ करून देणारा हा माणूस.

स्टेशनवर आम्ही आलुबोंडे खाल्ले. खरंच खाल्ले, दोन-दोन. भूक लागली होती. पुढे कितीतरी दिवस मला त्याची लाज वाटत होती. आता वाटत नाही. घरी पोचल्यावर आईने दारातच विचारलं, "काय म्हने डाक्टर?"

"इलाज हाये," बाबा म्हणाले.

"रोग काय हाये, थे इचारून राहिली मी."

बाबा पाय धुवायला न्हाणीत गेले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. मग आईला मीच सांगितलं. तिने ज्वारीच्या कण्या चुलीवर ठेवल्या आणि पुढचे सहा महिने ती जणू कण्याच ढवळत होती.

बाकावरचे दिवस

बारा डोस ठरले. दर पंधरा दिवसांनी एक. पहाटे उठायचं, गाडी पकडायची, रक्त द्यायचं, मग हिरव्या बाकावर नंबराची वाट बघायची. त्यातलं एक औषध सरबतासारखं लाल. ते शिरेत जायला लागलं की सगळ्या बाया दुसरीकडे बघायच्या. मी बघत राहायचे. शत्रूकडे पाठ करू नये असं घरात शिकवलेलं.

खरं सांगू? मला त्या वॉर्डाची आठवण येते. हे बोलले की लोक विचित्र बघतात. पण तिथे जी ओळख होते ती बाहेर होत नाही. कुणी जात विचारत नाही, गावही नंतर विचारतात. आधी विचारतात, "कितवा?" म्हणजे कितवा डोस. दुसरा असला की कौतुक, आठवा असला की मान. एक सिस्टर माझा हात गरम पाण्याच्या पिशवीवर ठेवून शीर शोधायची आणि शीर सापडली की "घावली!" म्हणून स्वतःच खूश व्हायची. केस गेले तेव्हा दर्यापूरच्या सुनंदाताईंनी मला रुमाल बांधायला शिकवलं. त्या माझ्यापेक्षा दोन डोस पुढे होत्या.

"तू त लेक्चर देतं म्हने मोर्चात," त्या एकदा म्हणाल्या.

"देतो ना, ताई."

"मंग दे ना एखादं. हे बाटली लय हळू चालून राहिली, तिले सांग जरा."

मी बाटलीला भाषण दिलं. 'सलाइनच्या बाटली, तुझी ही दिरंगाई आम्ही खपवून घेणार नाही.' अख्खा वॉर्ड हसला. हसताना सुनंदाताईंची सुई सरकली आणि आम्हा दोघींना सिस्टरची बोलणी बसली.

तोंड कडू झालं की त्या आवळासुपारी द्यायच्या. आमच्या घरचा थर्मास मोठा, म्हणून सहा जणींना चहा पुरायचा. पाचव्या डोसाच्या दिवशी त्या जाताना थर्मास मागून घेऊन गेल्या. गाडीत गरम पाणी लागेल म्हणाल्या.

सहाव्या डोसाला त्या नव्हत्या. त्यांचे यजमान आले, एकटे. धोतराच्या सोग्याने थर्मास पुसून त्यांनी माझ्या बाकावर ठेवला.

"तुमचा द्याचा राह्यला होता," म्हणाले, आणि चपला घालून निघून गेले.

मी काय केलं

सातव्या डोसाच्या सकाळी मी बाबांना म्हणाले, "फोन आला होता. रक्त कमी आहे, तारीख पुढे ढकलली." बाबांनी विश्वास ठेवला. एकदा खरंच तसं झालं होतं. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच सांगितलं.

मी स्वतःला बरीच भारी कारणं दिली. गाठ तर दिसत नाही आता. आई थकली आहे. उपचार हा हक्क आहे आणि तो भीक मागितल्यासारखा घ्यायचा नाही. सगळी कारणं छापण्यासारखी होती. न छापण्यासारखं एकच होतं. मला भीती वाटत होती. त्या बाकाची, त्या लाल औषधाची आणि धोतराच्या सोग्याने पुसलेल्या थर्मासची.

आणि नेमकी त्याच दिवसांत आमची सायकल यात्रा ठरली.

ती ठरली माझ्यामुळेच. वॉर्डात मी पाहिलं होतं की कितीतरी जण रोगामुळे नाही, एसटीच्या भाड्यामुळे उपचार सोडतात. रोजी बुडते, भाडं लागतं, दोन फेऱ्या होतात आणि तिसरीला माणूस येत नाही. हे मी आमच्या युवक गटात तावातावाने सांगितलं होतं. गटाने ठरवलं की अमरावती ते अकोला सायकलने जायचं. पण सरळ मोठ्या रस्त्याने नाही, आतल्या रस्त्याने. बडनेरा, नांदगाव खंडेश्वर, कारंजा, बार्शीटाकळी. तीन दिवस. पत्रक गावोगाव आधीच पोचवायचं, वाटेतही वाटायचं, मदत गोळा करायची आणि अकोल्याला रुग्णांच्या भाड्यासाठी निधी सुरू करायचा. पत्रकाची शेवटची ओळ माझी होती. 'अर्धवट उपचार म्हणजे हप्त्याहप्त्याने मरण. उपचार सोडू नका!'

ती ओळ मी दुसरी तारीख चुकवल्यानंतर लिहिली. ओळ चांगली आहे असं तेव्हाही वाटलं होतं.

यात्रा

हिवाळा होता. पंचवीसेक सायकली, जुन्या चोवीस इंचीवर बाबाही. मी मागच्या टेम्पोत, तोंडाला मास्क, डोक्याला रुमाल, मांडीवर पत्रकांचे गठ्ठे. बडनेरा सुटल्यावर दोन्ही बाजूंना तूर उभी होती आणि कपाशीची शेवटची वेचणी चालली होती. बाया कमरेची ओटी सावरत रस्त्यापर्यंत यायच्या. पोरं पुढे गाणी म्हणत होती. सुमेध, ज्याचं फ्लेक्सचं दुकान होतं आणि ज्याने पत्रक बनवलं होतं, तो दर चढावर सायकल ढकलत चालायचा आणि म्हणायचा, "चाक बसलं बे." चाक कधीच बसलेलं नसायचं.

आज त्यातले निम्मे पुण्याला आहेत, दोघे पोलिसात, सुमेध दोन मुलींचा बाप. कधी फोनवर बोलणं झालं की अजून कुणीतरी विचारतं, "काय बे, चाक बसलं का?"

पहिल्या दिवशी एक गोष्ट खटकली. लोक फार हळू बोलत होते. नांदगावच्या अलीकडे एका बाईने आमच्यातल्या एका मुलीला जवळ घेतलं आणि पाठीवरून हात फिरवला. "तुयी कोन लागे व?" "मैत्रीण आहे," ती म्हणाली. बाई डोळे पुसत निघून गेली. आम्हाला वाटलं, माणसं किती हळवी असतात.

नांदगावच्या पुढे एका लहान गावात मुक्कामाआधीचा शेवटचा थांबा होता. समाजमंदिरापुढे माणसं रांगेने उभी होती, बाया पांढऱ्या लुगड्यांत. आम्ही उतरलो तसं कुणीतरी प्रत्येकाच्या हातात पेटलेली मेणबत्ती दिली. माझ्याही हातात दिली. गावचे प्रमुख तुळशीरामकाका, पंच्याहत्तरीचे, ताठ, माईकपुढे उभे राहिले.

"जय भीम. आता सर्वांनी दोन मिनिटं मौन पाळाचं हाये."

आम्ही माना खाली घातल्या. कुणाच्या स्मरणार्थ ते विचारलं नाही. आमच्या कार्यक्रमांत मौन असतंच. मग मी डोळे जरा उघडले. समोर टेबलावर पांढरं कापड, झेंडूचा हार आणि हाराच्या आत माझा फोटो. आमच्याच पत्रकातून कापलेला, कॉलेजच्या ओळखपत्रावरचा, दोन वेण्यांचा.

तेव्हा कुठे मी हातातलं पत्रक नीट पाहिलं. दिवसभर त्याचे गठ्ठे मांडीवर होते आणि मी ते पाहिलं नव्हतं. गोल चौकटीत मी. दोन्ही बाजूंना मेणबत्त्या, खाली कमळं, वर 'विनम्र अभिवादन'. सुमेधने गेल्या वर्षीच्या स्मृतिदिनाचं पत्रक उघडलं होतं, फोटो बदलला होता, मजकूर बदलला होता आणि बाकी सगळं तसंच ठेवलं होतं. गटातल्या पंधरा जणांनी ते पाहिलं. बाबांनी शुद्धलेखन तपासलं, तीन ठिकाणी ऱ्हस्वदीर्घ सुधारलं आणि छापायला दिलं. कुणालाच काही खटकलं नाही. आमची सगळी पत्रकं तशीच दिसतात. पत्रक म्हणजे मेणबत्त्या असणारच.

आणि आता मौन चालू होतं. आमच्याकडे एकदा मौन सुरू झालं की कुणी तोंड उघडत नाही, मग मेलेलं माणूस रांगेत उभं का असेना.

दोन मिनिटं फार मोठी असतात. मेणाचा थेंब अंगठ्यावर पडला तरी मी हलले नाही. एक बाई खरंच रडत होती, माझ्यासाठी, मला कधीही न पाहिलेली. फोटोतल्या मुलीकडे बघून मला वाटलं, हिचं काय होणार होतं? हिने नोकरी केली असती का, कुणावर जीव लावला असता का? मला तिचा फार राग आला. ही काही गेली नव्हती. ही घरात बसून खोटं बोलत होती.

मौन संपलं. तुळशीरामकाका बोलायला लागले, "आपल्या लढवय्या भगिनी प्रणालीताई, ज्या आज आपल्यात नाहीत—"

मी मास्क काढला. "काका, मी इथीच हाये."

आधी कुणाला समजलं नाही. मग रडणारी बाई पुढे आली, फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, माझ्या रुमालाकडे पाहिलं. "आव माय! हे त जिवंत हाये!"

सुमेध टेम्पोमागे गेला. काकांनी माईक बंद केला, चष्मा काढला, पुसला, घातला.

"मंग हे काय हाये?" त्यांनी पत्रक फडकवलं. "आमी इकडं मौन पाळून राहिलो. सकाळी हार आनाले मानूस धाडला नांदगावले. अन् तू मांग उभी राहून आयकून राहिली?"

"चूक झाली, काका."

"चूक! पाह्य पोरी, आता एक डाव मौन झालं. आमच्या गावात एका मानसाचं एकच डाव मौन पाळतेत. दुसऱ्यांदा मी उभा राहनार नाई. समजलं? इलाज पुरा कर. मेली त याद राख."

सगळं गाव हसलं. रडणारी बाईही हसली. मलाही हसायचं होतं. पण तोंडातून वेगळंच निघालं.

"मी इलाज सोडला आहे. दोन तारखा झाल्या. गेलेच नाही."

हसणं थांबलं. मी बाबांकडे पाहिलं. त्यांच्या हातातली मेणबत्ती अजून जळत होती. त्यांनी ती फुंकली, टेबलावर आडवी ठेवली, सायकलचं स्टँड काढलं आणि एकटेच पुढे निघून गेले.

दुरुस्ती

दुसऱ्या दिवशी कारंज्यापर्यंत बाबा माझ्याशी बोलले नाहीत. सायकल टेम्पोच्या बरीच पुढे ठेवत होते. सत्तावन्न वर्षांचा माणूस, पाठ ओली. आई फोनवर एवढंच म्हणाली, "मले त सांगाचं." मग रडली. मग विचारलं, "कण्या कोन करून देऊन राह्यलं तुले?"

कारंज्याला जेवणं झाल्यावर बाबा शाळेच्या ओट्यावर माझ्याशेजारी बसले. कोरा कागद आणि पेन पुढे केलं.

"लिही."

"काय?"

"दुरुस्ती."

हा त्यांचा जुना नियम होता. पत्रकात चूक गेली तर गप्प बसायचं नाही. दुरुस्तीचं पत्रक काढायचं आणि जिथे पहिलं गेलं तिथे तेही पोचवायचं.

"मी जिवंत आहे, एवढंच ना?"

"अन् बाकीचं?"

"बाकीचं घरातलं आहे, बाबा."

"फोटो तुया. खालची ओळ तुयी. ते वाचून कोनीतरी उद्या आपला इलाज पुरा कराले निघन. त्याले तू लबाड सांगून राहिली."

बाबा पेनाचं टोपण काढत-लावत राहिले.

"मले राग आला नाई," ते म्हणाले. "मले भेव वाटलं. मौनात मी बी डोये उघडले होते. हार पाह्यला. मले माईत होतं तू मांग उभी हाये. तरी वळून पाहाची हिंमत नाई झाली. वळलो अन् तू नसली त?"

इतक्या वर्षांत बाबांना मी 'भीती वाटली' असं म्हणताना ऐकलं नव्हतं. आमच्या पत्रकांत तो शब्दच नाही.

मी लिहिलं. 'दुरुस्ती. मी जिवंत आहे. मी उपचार सोडा असं कुणाला सांगितलं नाही, पण स्वतः सोडले. भाडं नव्हतं म्हणून नाही. मला भीती वाटली. परवा पुन्हा सुरू करते आहे. ज्यांनी सोडले असतील त्यांनी सोबत यावं.' बाबांनी वाचलं. एक वेलांटी सुधारली. कारंज्यात झेरॉक्स काढल्या. सुमेधने विचारलं, "वर काही टाकू का, डिझाइन?" चौघांनी एकदम त्याला शिव्या दिल्या. नांदगावकडच्या गावांना दोन पोरं उलट सायकलने जाऊन देऊन आली. उरलेल्या गावांत मीच वाचून दाखवलं. पहिल्यांदा आवाज फुटला नाही. मोर्चात हजार माणसांपुढे कधी असं झालं नव्हतं.

बार्शीटाकळीला वाचून झाल्यावर एक बाई टेम्पोजवळ आली. साधारण चाळिशीची, सोबत कुणी नाही. नाव शोभा. हातात कापडी पिशवी आणि पिशवीत फाईल.

"मी बी सोडला," ती म्हणाली. "छातीचा. दिवाळीपासून. घरी म्हनते, डाक्टरनं सुट्टी देल्ली."

"कितवा होता?" मी विचारलं.

"तिसरा."

मी सरकून जागा केली. ती चपला हातात घेऊन टेम्पोत चढली आणि अकोल्यापर्यंत पिशवी मांडीवर धरून बसली.

अकोला

यात्रेचा समारोप झाला, भाषणं झाली. त्यातलं मला काही आठवत नाही. दुसऱ्या दिवशीची सकाळ आठवते.

डॉक्टरांनी विचारलं, "इतके दिवस कुठे होतीस?"

"घाबरून घरी होते."

ते रागावतील असं वाटलं होतं. ते रागावलेच. भरपूर. जे घरी बसले आहेत त्यांना सांगते, हे होणार. ऐकून घ्यायचं. बोलून झाल्यावर त्यांनी माझी मान चाचपली, बराच वेळ. नव्या तपासण्या लिहिल्या. म्हणाले, उशीर केला आहेस, वाया काय गेलं ते पुढे कळेल. तेव्हा ते कुणालाच माहीत नव्हतं. मलाही नाही. उरलेले सहा डोस आणि वर शेक, म्हणजे रेडिएशन, घ्यावा लागला. आज चार वर्षं झाली. पण त्या सकाळी हातात काहीच नव्हतं, फक्त चिठ्ठी.

चिठ्ठी घेऊन मी वॉर्डाच्या दाराशी आले. हिरवे बाक भरलेले होते. ओळखीचं एकही तोंड नव्हतं. शोभाताई माझ्यामागे भिंतीला चिकटून उभ्या. बाबा बाहेरच थांबले होते, सायकलींपाशी. माझे पाय उंबऱ्याशी अडले. मग मी मोठ्याने विचारलं, जसं दवाखान्यात, रेशनच्या दुकानात, सगळीकडे विचारतात तसं,

"शेवटी कोन हाये?"

खिडकीजवळच्या एका म्हाताऱ्याने हात वर केला. "मी."

"तुमच्या मांग मी," मी म्हणाले.

आणि भिंतीपासून आवाज आला, "अन् तिच्या मांग मी."